ऑस्ट्रेलियन वाइन घ्यायची तर बाटलीवर नेमकं काय वाचायचं?

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला आणि 'ऑस्ट्रेलियन वाइन स्वस्त होणार' अशा बातम्या झळकल्या. त्या वाचून दुकानात गेलेल्याची दोनदा पंचाईत होते. छापील किंमत काही फारशी उतरलेली दिसत नाही. आणि फळीवर शिराझ, शार्डने, कॅबर्ने अशी द्राक्षांच्या नावांची लेबलं ओळीने उभी असली, तरी त्यातली कुठली उचलावी हे कळत नाही. मग हात आपोआप ज्या लेबलवर एखादा प्राणी उडी मारतोय तिकडे जातो.

ती बाटली वाईट असते असं नाही. पण तेवढ्याच किंवा थोड्या जास्त पैशांत बरंच चांगलं काही मिळू शकतं. ऑस्ट्रेलियन लेबलवर कंपनीचं नाव सगळ्यात मोठं, द्राक्षाचं मध्यम आणि गावाचं बारीक अक्षरात असतं. वाचायचं मात्र उलट क्रमाने: आधी गाव, मग द्राक्ष, मग अल्कोहोलचा आकडा. कंपनी शेवटी.

करार झाला, मग किंमत का उतरली नाही?

कराराआधी वाइनवर १५० टक्के आयात शुल्क होतं. करारात सवलतीसाठी किमतीच्या दोन पायऱ्या ठरल्या. ज्या बाटलीची आयातीची किंमत किमान ५ अमेरिकन डॉलर आहे, तिच्यावरचं शुल्क पहिल्याच दिवशी १०० टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत ५० टक्क्यांवर येणार आहे. किमान १५ डॉलरच्या बाटलीला ७५ टक्के लागले, ते पुढे २५ टक्क्यांपर्यंत उतरतील. पाच डॉलरच्या आतल्या बाटलीला काहीच सवलत नाही.

यातून एक गंमत होते. सुरुवातीच्या दरांनी हिशेब केला तर १४ डॉलरची बाटली शुल्कासह २८ डॉलरला पडते आणि १५ डॉलरची २६.२५ डॉलरला. म्हणजे बंदरावर महाग बाटली स्वस्त पडते. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर हेच आकडे २१ आणि १८.७५ होतील. थोडक्यात, करार अगदी स्वस्त वाइनसाठी केलेलाच नाही. त्याचा खरा फायदा मधल्या आणि वरच्या दर्जाच्या बाटलीला आहे.

बंदरातून सुटल्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचा वाटा चढतो. तो प्रत्येक राज्यात वेगळा. म्हणून तीच बाटली गोव्यात कमी किमतीला दिसते, पण परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. शिवाय राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला महाराष्ट्राने २००१ च्या धोरणापासून शुल्कात मोठी सूट दिली आहे. त्यामुळे नाशिकच्या बाटलीशी नुसत्या किमतीवर तुलना केली तर ऑस्ट्रेलियन बाटली हरणारच. ती घ्यायची तर नाशिकमध्ये जे पिकत नाही त्यासाठी घ्यावी.

लेबलवर विश्वास किती ठेवायचा?

बऱ्यापैकी. ऑस्ट्रेलियात ८५ टक्क्यांचा नियम आहे. लेबलवर एकच द्राक्ष, एकच प्रदेश किंवा द्राक्षकाढणीचं एकच साल छापलं असेल, तर किमान ८५ टक्के वाइन त्या द्राक्षाची, त्या प्रदेशातली, त्या सालची असावीच लागते. दोन द्राक्षं छापली असतील तर ज्याचं प्रमाण जास्त त्याचं नाव आधी. 'कॅबर्ने शिराझ' आणि 'शिराझ कॅबर्ने' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पादकाने त्याच्या नोंदी ठेवायच्या आणि सरकारी संस्था 'वाइन ऑस्ट्रेलिया' त्या तपासते.

प्रदेशांच्या नावांनाही कायद्याने सीमा आखून दिल्या आहेत. आपल्याकडे हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तरी पेटीवर नुसतं 'हापूस' लिहिलेलं असलं की घेणारा 'कुठला?' असं विचारतोच, आणि देवगड म्हटलं की मान डोलावतो. वाइनच्या बाटलीलाही हाच प्रश्न विचारायचा. उत्तर 'क्लेअर व्हॅली' किंवा 'कूनावारा' असं नेमकं आलं तर माल एका ठरावीक जागेचा आहे. 'साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया' असं आलं तर ते एका जागेचं नाव नव्हेच. त्यात न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया ही राज्यं पूर्ण आणि क्वीन्सलँड व साउथ ऑस्ट्रेलियाचे मोठे भाग येतात.

अशा बाटलीतली द्राक्षं बहुतेक वेळा मरे नदीच्या खोऱ्यातल्या रिव्हरलँड, मरे डार्लिंग, रिव्हरिना या पाटपाण्याच्या भागांतून आलेली असतात. देशातली निम्म्याहून जास्त द्राक्षं तिथेच पिकतात. भरपूर ऊन, भरपूर पाणी, यंत्राने काढणी. वाइन दरवर्षी साधारण सारखी, फळाळ, किंचित गोडसर. पार्टीत पन्नास माणसं असतील तर खुशाल घ्यावी. ऑस्ट्रेलियन वाइन म्हणजे काय हे जिला समजून घ्यायचंय, तिने मात्र एक पायरी वर चढावं.

गावावरून चव कशी ओळखायची?

मुळातली गोष्ट एकच आहे. ऊन जास्त, तर द्राक्षात साखर जास्त. यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं, म्हणून वाइन जड आणि गरम. हवा थंड, तर साखर कमी आणि आंबटपणा टिकलेला, म्हणून वाइन हलकी आणि तरतरीत. लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा त्यामुळे थर्मामीटरचं काम करतो. लाल वाइनमध्ये १४.५ दिसलं तर उष्ण गाव, १२.५ ते १३ दिसलं तर थंड. खऱ्या आणि छापील आकड्यात दीड टक्क्यापर्यंत फरक कायद्याला चालतो, हे लक्षात ठेवून.

बरोसा व्हॅली हे उष्ण गावांचं ठळक उदाहरण. ॲडलेडच्या ईशान्येला तासाभराच्या अंतरावरचं हे खोरं शिराझसाठी प्रसिद्ध आहे: काळसर रंग, जांभूळ-करवंदासारखं पिकलेलं फळ, चॉकलेट, ओकच्या पिंपातून आलेला व्हॅनिलाचा वास. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. ती व्हिक्टोरियातही पोचली, पण साउथ ऑस्ट्रेलियात आजवर शिरलेली नाही. त्यामुळे बरोसात १८४० च्या दशकातले वेल अजून फळ देतात. अशा वेलांना घोस थोडे आणि दाणे लहान, म्हणून रस दाट. ॲडलेडच्या दक्षिणेचं मॅक्लारेन व्हेलही उष्णच, पण समुद्राकाठी. तिथली ग्रेनाश द्राक्षाची वाइन मला शिराझपेक्षा जास्त वाजवी सौदा वाटते: रंग फिका, फळ लालसर, मसालेदार, तुरटपणा कमी.

त्याच शिराझचा मेलबर्नजवळच्या यारा व्हॅलीत किंवा ॲडलेड हिल्समध्ये, म्हणजे थंड हवेत, अवतार बदलतो. अंग हलकं होतं आणि मिरीचा वास ठळक होतो. तिथले काही उत्पादक मुद्दाम 'सिरा' असं फ्रेंच नाव छापतात. द्राक्ष तेच, पण 'आमची हलकी आहे' ही सूचना.

कॅबर्ने सोव्हिन्यों हवी असेल तर दोन नावं पाठ करावीत. कूनावारा ही साउथ ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकाची, चुनखडीवर बसलेल्या तांबड्या मातीची सुमारे १५ किलोमीटर लांबीची चिंचोळी पट्टी. इथल्या कॅबर्नेत कधीकधी पुदिन्याचा किंवा निलगिरीचा वास येतो. तो भास नव्हे. बागेजवळच्या निलगिरीच्या झाडांचं तेल द्राक्षांवर बसतं आणि तिथून वाइनमध्ये उतरतं. झाडांच्या लगतच्या ओळींत ते जास्त सापडतं. दुसरं नाव मार्गारेट रिव्हर, पार पश्चिम किनाऱ्यावर, तीन बाजूंनी समुद्र. १९६७ मध्ये तिथे पहिली व्यावसायिक वाइनरी सुरू झाली आणि आज कॅबर्ने व शार्डने या दोन्हींत ती जागा देशात पहिल्या रांगेत आहे.

पांढऱ्या वाइनकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जातं. माझ्या मते ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात स्वतंत्र आवाज तिथेच आहे. क्लेअर व्हॅली आणि ईडन व्हॅलीची रीस्लिंग लिंबासारखी धारदार आणि बहुतेक वेळा पूर्ण ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली. सात-आठ वर्षं मुरली की तिला रॉकेलसारखा वास येतो. घाबरू नये, या द्राक्षाचा तो नैसर्गिक गुण आहे. सिडनीच्या उत्तरेकडच्या हंटर व्हॅलीत सेमियों हे द्राक्ष लवकर खुडतात, म्हणून अल्कोहोल साडेदहा-अकराच्या आसपास. ताजी असताना ती अगदी साधी, पाणीदार वाटते. दहा वर्षांनी तिला भाजलेल्या पावाचा आणि मधाचा स्वाद येतो, तोही ओकचं पिंप कधी न बघता.

बाकीची झटपट: पिनो न्वार या लाल वाइनच्या द्राक्षासाठी मॉर्निंग्टन पेनिन्सुला, यारा आणि टास्मानिया, फेसाळ वाइनसाठी टास्मानिया, जेवणानंतरच्या दाट, गोड, मनुकांच्या चवीच्या वाइनसाठी व्हिक्टोरियातलं रदरग्लेन.

'रिझर्व्ह', 'बिन', 'ओल्ड व्हाइन', सुवर्णपदक: यांचा अर्थ काय?

'रिझर्व्ह' या शब्दाला ऑस्ट्रेलियात कायद्याची व्याख्या नाही. एखाद्याची सर्वोत्तम वाइन 'रिझर्व्ह' असते, दुसऱ्याची सगळ्यात स्वस्तही. 'बिन' म्हणजे तळघरात बाटल्या रचून ठेवायचा कप्पा. त्याचा क्रमांक पुढे वाइनचं नाव बनला. क्रमांक मोठा म्हणजे दर्जा मोठा असं अजिबात नाही.

'ओल्ड व्हाइन', म्हणजे जुने वेल, यालाही देशभर लागू अशी व्याख्या नाही. बरोसाने मात्र २००९ मध्ये स्वतःच्या पायऱ्या ठरवल्या: ३५ वर्षांवरचा वेल 'ओल्ड', ७० वर 'सर्व्हायव्हर', १०० वर 'सेंटेनरियन', १२५ वर 'ॲन्सेस्टर'. बरोसाच्या बाटलीवर यातला शब्द असेल तर त्याला वजन आहे.

पदकांचं म्हणाल तर गोल चिकटपट्टीवरची बारीक अक्षरं वाचा. कुठली स्पर्धा, कुठलं वर्ष आणि नेमक्या याच सालच्या वाइनला का? ॲडलेड, मेलबर्न, सिडनी अशा राजधान्यांच्या स्पर्धांत शंभरपैकी ९५ गुणांवर सुवर्ण मिळतं. एकाच गटात अनेक सुवर्णं असू शकतात. 'ट्रॉफी' मात्र गटात एकालाच.

फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्तातला माल?

नाही. उलट ऑस्ट्रेलियात ते अभिमानाने लावतात. नैसर्गिक बुचात कधीकधी टीसीए नावाचं रसायन तयार होतं आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. बाटली महाग की स्वस्त, हे त्याला कळत नाही. या त्रासाला कंटाळून क्लेअर व्हॅलीच्या रीस्लिंग उत्पादकांच्या एका गटाने २००० सालच्या वाइनला एकत्र येऊन फिरकीची झाकणं लावली आणि बाकीचा देश मागोमाग गेला.

उघडताना वरचं झाकण नव्हे, खालची धातूची बाही घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवायची. सांधे एकदम तुटतात. घेतानाच झाकणाच्या वरच्या कडेवर पोचा नाही ना, हे बोट फिरवून बघा. पोचा पडला की आतली चकती सरकते आणि हवा शिरते. उघडल्यावर पहिल्या वासात काडी ओढल्यासारखं काही आलं तर ग्लास दोन-चार मिनिटं फिरवत राहा, ते उडून जातं. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र कितीही फिरवला तरी जात नाही.

जुनी बाटली जास्त चांगली ना?

बहुतेक नाही. रोझे (गुलाबी वाइन), सोव्हिन्यों ब्लां आणि साध्या पांढऱ्या वाइन छापलेल्या सालापासून दोन-तीन वर्षांत प्याव्यात. ऑस्ट्रेलियात द्राक्षकाढणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, म्हणजे त्यांची त्या सालची वाइन युरोपच्या वाइनपेक्षा सहा महिने मोठी असते. मुरवण्यासारख्या बाटल्या थोड्याच, आणि त्याही थंड, अंधाऱ्या जागी ठेवल्या तर.

आपल्याकडे खरा शत्रू वय नव्हे, उकाडा. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हाळाभर उभी असलेली बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नये. बूच वर सरकलेलं, गळ्याशी चिकट ओघळ, पांढऱ्या वाइनचा रंग तपकिरीकडे झुकलेला, यातलं एकही दिसलं तर दुसरी बाटली मागा.

तापमानाचा घोळ घरीही होतो. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. मे महिन्यातल्या पुण्याच्या खोलीचा नव्हे. ३२ अंशांवर बरोसा शिराझ नुसती दारू लागते. ती फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा. पांढरी ८ ते १० वर. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

आपल्या तिखटाबरोबर चालते का?

चालते, पण लोक नेमकी चुकीची निवडतात. तांबड्या रश्श्याबरोबर १५ टक्क्यांची शिराझ घेतली की मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि टॅनिन, म्हणजे साल-बियांतून उतरणारा, हिरड्या आवळणारा तुरटपणा, कडवट लागतो. तिखट जेवणाला कमी अल्कोहोल, कमी तुरटपणा, जमल्यास किंचित गोडी असलेली वाइन घ्या. रीस्लिंगच्या लेबलवर 'ऑफ ड्राय' शोधा. तळलेल्या बोंबलाला किंवा सुरमईला हंटर सेमियों किंवा क्लेअर रीस्लिंग लिंबाची फोड पिळल्यासारखी बसते. खोबऱ्याचं वाटण घातलेल्या मटण सुक्क्याला मॅक्लारेन व्हेलची ग्रेनाश, थोडी गार करून. बरोसा शिराझ राखून ठेवायची ती कमी तिखट, चरबी असलेल्या भाजलेल्या मांसासाठी.

वाइन शाकाहारी असते ना?

प्रत्येक नाही. गढूळपणा काढण्यासाठी काही उत्पादक अंड्याचा बलक नव्हे तर पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरतात. नंतर तो गाळला जातो, पण वापर झालेला असतोच. अंडं आणि दूध ॲलर्जीच्या नियमामुळे लेबलवर छापावं लागतं. जिलेटिन त्या यादीत नाही आणि माशाच्या त्या पदार्थाला वाइनपुरती सूट आहे. म्हणून नुसतं 'अंडं नाही, दूध नाही' एवढं पुरत नाही. 'व्हीगन' असा शिक्का असलेली बाटली घ्यावी.

सल्फाइटमुळे डोकं दुखतं का?

लेबलवर 'सल्फाइट आहे' असं वाचून लोक सगळा दोष त्याला देतात. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा खरोखर त्रास होतो. पण लाल वाइनमध्ये ते सहसा पांढरीपेक्षा कमी असतं आणि पिवळ्याधमक सुक्या जर्दाळूत कितीतरी जास्त. जर्दाळू खाऊन डोकं दुखत नसेल तर संशय दुसरीकडे न्यावा: पाणी किती प्यायलात आणि वाइन किती.

त्याचा हिशेब लेबलवरच आहे. ऑस्ट्रेलियन बाटलीवर 'स्टँडर्ड ड्रिंक्स'चा आकडा असतो. एक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७५० मिलिलिटर, १३.५ टक्के, म्हणजे जवळजवळ ८. आपण घरी ओततो त्या १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात दीडहून थोडं जास्त. तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आठवड्याला जास्तीत जास्त १० आणि कुठल्याही एका दिवशी ४ असा आहे. दोघांत एक बाटली संपली की दिवसाचा कोटा भरला.

मेलबर्न-सिडनीत असाल तर

तिथे राहणाऱ्या किंवा मुलांकडे गेलेल्या मंडळींसाठी शिकण्याची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे वाइनरीचं 'सेलर डोअर', म्हणजे चव घेऊन खरेदी करायचं दालन. थोडं शुल्क असतं, बाटली घेतली तर अनेक ठिकाणी ते वळतं करतात. गाडी चालवणाऱ्याने थुंकायचं भांडं निःसंकोच वापरावं. तिथे ते असभ्य मानत नाहीत.

'क्लीनस्किन' म्हणजे ब्रँडशिवाय विकलेली बाटली. चीनने नोव्हेंबर २०२० पासून ऑस्ट्रेलियन वाइनवर जबर शुल्क लावलं, ते मार्च २०२४ अखेर उठलं. या काळात तयार लाल वाइन पडून राहिली आणि असा माल स्वस्तात निघाला. घ्यावी, पण पेटी उचलण्याआधी एक बाटली घरी उघडून बघावी. खोक्यातली वाइनही ऑस्ट्रेलियाचीच देणगी: रेनमार्कच्या थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आतली पिशवी वाइन कमी होईल तशी आक्रसते, हवा शिरत नाही, म्हणून उघडल्यावरही चार-सहा आठवडे टिकते. रोज अर्धा ग्लास घेणाऱ्याला आणि स्वयंपाकाला याहून सोयीचं काही नाही.

परत येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. मग भारतात सहज न मिळणारं घ्या: बरोसा नको, हंटर सेमियों आणि रदरग्लेन मस्कॅट. विमानतळावर कर परत मिळण्याची योजना आहे, पण एकाच विक्रेत्याकडे ३०० ऑस्ट्रेलियन डॉलरची खरेदी लागते, त्यामुळे दोन साध्या बाटल्यांसाठी तिच्या नादी लागू नये.

आणि जीभ तयार करायची असेल तर एक सोपा प्रयोग. एकच द्राक्ष, दोन गावं: एक बरोसा शिराझ, एक यारा व्हॅलीची. सारखे ग्लास, प्रत्येकी ६० मिलिलिटर, दोन्ही १६ ते १८ अंशांवर. आधी यारा, मग बरोसा, कारण उलट केलं तर हलकी वाइन पाणचट वाटते. मध्ये साधा पाव, चिवडा नको. उरलेल्या बाटल्यांना झाकण लावून लाल असली तरी फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, तीन-चार दिवस चांगल्या राहतात.